मुलांच्या हातचे नवे

गेल्या वर्षी मार्गशीर्षात परदेशाहून माझ्या नावे एक पाकीट आले. माझी कन्या अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहते. पाकीट तिच्या पाच वर्षांच्या मुलाने पाठविले होते. आत पत्र नव्हते, एक कागद होता. त्यावर त्याने आपला डावा तळहात पसरून भोवती पेन्सिल फिरविली होती. अंगठ्याला डोळा आणि चोच काढून त्याचे डोके केले होते व उरलेल्या चार बोटांत चार रंग भरून त्यांचा पिसारा केला होता. खाली त्याच्या आईने लिहिले होते, "हा टर्की पक्षी आहे. थँक्सगिव्हिंगसाठी शाळेत केला."

थँक्सगिव्हिंग हा सुगीनंतर आभार मानण्याचा सण होय. प्लिमथ येथील वसाहतकऱ्यांनी १६२१ साली पहिले पीक हाती आल्यावर तेथील मूळच्या वांपानोआग लोकांसह जे भोजन केले, त्याची आठवण या सणाशी जोडलेली आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ साली साऱ्या देशाने तो पाळावा असे जाहीर केले आणि १९४१ च्या कायद्याने त्यासाठी नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. कॅनडात हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो. त्या दिवसांत तिकडील बालशाळांतून मुले वाळलेली पाने चिकटवितात, मक्याच्या कणसांची चित्रे काढतात, आणि तळहाताचा हा पक्षी तर घरोघरी होतो.

तो कागद मी भिंतीवर लाविला. नातवाने आभार मानण्याची गोष्ट सातासमुद्रांपलीकडे शिकावी याचे मला वाईट वाटले नाही. चांगली गोष्ट कोठेही शिकावी. परंतु मनात आले की, मी ज्या गावी राहतो तेथे हाच सण, याच ऋतूत, दरसाल होतो, आणि तोही हातांनीच साजरा होतो. हे आपल्या शहरांतील किती घरांना ठाऊक असेल? आज त्याविषयी, आणि शरद ऋतूत लहान मुलांकडून सहज करून घेण्याजोग्या कामांविषयी, आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. मी काही शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो आणि मराठी शाळेत मास्तरकी केली, एवढीच माझी विद्या.

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका काठी रोहे आणि दुसऱ्या काठी आमची अष्टमी. मुलुख भाताचा. मृगाच्या आगेमागे पेरणी, आषाढात लावणी, आणि आश्विन लागला की हळवी भाते पिकून पिवळी पडतात; गरवी भाते मागाहून, दिवाळीच्या पुढेमागे तयार होतात. दसऱ्याच्या सुमारास रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी निघते आणि नंतर कोजागिरी येते. जिला आपण शहरात दुधाची पौर्णिमा म्हणून ओळखतो, ती कोकणात नवान्न पौर्णिमा होय. त्या दिवशी शेतातून भाताच्या लोंब्या आणावयाच्या, मिळाल्यास नाचणीचे व वरीचे कणीस घ्यावयाचे, त्यांत कुरडूचे तुरे व झेंडूचे फूल घालावयाचे, भोवती आंब्याचे पान लपेटून जुडी बांधावयाची. या जुडीला 'नवे' म्हणतात. हे नवे दाराच्या चौकटीला, देवघराला, तुळशीला, धान्याच्या कणगीला, विहिरीला आणि शेतीच्या अवजारांना बांधतात. ज्याच्या ज्याच्या योगाने अन्न घरात आले त्या सर्वांचे हे ऋण मानणे आहे. तेथे कोणी भाषण करीत नाही. आभार बांधले जातात, बोलले जात नाहीत.

ही रीत एकट्या आमच्या गावाची नव्हे, की एकट्या आमच्या धर्माचीही नव्हे. गोव्यात आमचे ख्रिस्ती बांधव ऑगस्ट महिन्यात कणसांचे फेस्त करतात. नवी कणसे समारंभाने चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद घेतात. जेथे जेथे माणूस पेरतो, तेथे तेथे पहिली लोंबी कापताना त्याचा हात क्षणभर थांबतो.

आता मुलांकडे वळू. लहान मूल आभार शब्दांनी शिकत नाही. "काकांना थँक्यू म्हण" असे आपण सांगतो आणि ते पोपटासारखे म्हणते. ज्या वस्तूला त्याचा हात लागला, जी करताना त्याची बोटे चिकट झाली, तीच त्याला मोलाची वाटते. जर्मनीतील फ्रेबेल यांनी १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली, तेव्हा कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम यांनाच अभ्यासक्रमात स्थान दिले. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यांत आणावयाची कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पाने, बिया, शिंपले, खडे आणि माती यांत शोधले. म्हणजे ज्या वस्तू आपण केरात टाकतो त्यांवर एक थोर शिक्षणप्रयोग उभा राहिला. यास्तव पुढे मी जे सांगणार आहे त्यासाठी बाजारातून रंगीत पेटी आणण्याचे कारण नाही.

आरंभ नव्यापासूनच करावा. मुंबईत दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्याही विकावयास येतात. मुलाला बरोबर न्यावे आणि जुडी त्याच्या हाती द्यावी. घरी आल्यावर बांधण्यापूर्वी एक लोंबी वेगळी काढून तिचे दाणे त्याला सोडवू द्यावेत. दहा-दहांच्या राशी कराव्यात व मोजाव्यात. एका दाण्याचे रोप होते, रोपाला फुटवे येतात आणि भरल्या लोंबीवर पुष्कळदा शंभराहून अधिक दाणे निघतात, हे पाढे घोकून जितके समजत नाही तितके या राशींनी समजते. मग एक दाणा नखाने सोलून आतला तांदूळ दाखवावा. आपल्या ताटातील भात हाच, हे पाहून शहरातील मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते एकदा पाहाच. नंतर लोंब्या, फूल व पान एकत्र धरून मुलाने दोरा गुंडाळावा. केळीच्या सोपटाची दोरी मिळाल्यास उत्तम, नाही तर सुतळी चालेल. गाठ वडील माणसाने मारावी. गुंडाळणे मात्र सर्वस्वी मुलाचे.

दसऱ्याचे तोरण वाळले म्हणजे ते फेकू नये. सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या ओढून काढल्या की त्यांच्या बुडाशी काळे, बारीक, लांबट बी सापडते. मुलाने ते कुंडीत पेरावे. सुमारे आठवड्यात अंकुर दिसू लागतात. दाराचे फूल पुन्हा फूल होते, हे त्याला कळते.

दसऱ्याला आपट्याची पाने वाटावयाची म्हणून झाडे ओरबाडली जातात, आणि कित्येक वेळा आपटा समजून कांचनाच्याच फांद्या घरी येतात. त्याऐवजी कागदाची पाने करावीत. कागद मधोमध दुमडावा, दुमडीच्या कडेला अर्धे पान काढून कापावे, आणि उघडावे. दोन्ही भाग अगदी सारखे उतरतात. या कुळाला वनस्पतिशास्त्रात बौहिनिया म्हणतात. जोडपान पाहून लिनियस यांनी बौहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांची आठवण म्हणून ते नाव ठेविले. मुलांना ही गोष्ट फार आवडते. घरात दोन भावंडे असली तर विचारूच नका.

रंगांसाठीही बाजार नको. याच दिवसांत पारिजातकाचा सडा पडतो. मुलाने फुले वेचावीत, पांढऱ्या पाकळ्या व केशरी देठ वेगळे करावेत, देठ वाळवावेत. ते गरम पाण्यात घातले की सुंदर केशरी रंग निघतो. पाणी अर्थात मोठ्यांनी ओतावे. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात तांबडा होतो. हळद तर घरचीच. हे रंग पानाच्या मागील बाजूस, जेथे शिरा उठून दिसतात तेथे, लावून कागदावर दाबले की पानाचा ठसा उमटतो. पिंपळाचे पान तीन-चार आठवडे पाण्यात ठेवून हलक्या हाताने धुतले तर नुसती शिरांची जाळी उरते. ती मुलाने आपल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवावी.

सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि मुलींचा भोंडला किंवा हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरावयाचा. हत्ती का, असे मुले विचारतात. संस्कृतात हस्त म्हणजे हात. सोंड हा ज्याचा हात तो हस्ती. या नक्षत्रातील पाच ठळक तारे हाताच्या पाच बोटांसारखे कल्पिले आहेत. नातवाचा तळहाताचा पक्षी भिंतीवर लावताना मला हेच आठवले होते. तिकडे हाताचा टर्की होतो, इकडे हाताचा हत्ती! हा हत्ती मुलांनी पाटावर तांदूळ, मूग, मसूर, राळे अशा धान्यांनी भरावा, आणि फेर संपल्यावर ते धान्य निवडून पुन्हा डब्यांत ठेवावे. काढण्याइतकेच निवडण्यातही शिक्षण आहे. शेवटी झाकलेली खिरापत ओळखावयाची. वास घेऊन, डबा हलवून, आवाज ऐकून तर्क करावयाचा हा खेळ कोणत्याही बालशाळेच्या साधनापेक्षा कमी नाही. मुलगे यांत असू नयेत असे मला वाटत नाही.

मग दिवाळी. पेण गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. त्या प्रांतातील मुलांना मातीचे वेड उपजतच असते असे आम्ही थट्टेने म्हणतो. मूठभर मातीचा गोळा करावा, मध्ये अंगठा दाबावा, कडेला चिमटा घेऊन वातीला तोंड करावे, सावलीत वाळवावे. कच्च्या मातीत तेल झिरपते, म्हणून ही पणती शोभेपुरती ठेवून तीत फूल घालावे. आकाशकंदिलासाठी कामट्यांचे काम लहानांना झेपत नाही. त्यांनी चौकोनी कागद मधोमध दुमडावा, दुमडीकडून सरळ काप घ्यावेत, पलीकडच्या कडेला दोन बोटे जागा सोडावी. मग कागद उघडून गोल वळवून खळीने चिकटवावा. आणि अंगणात, नाही तर गॅलरीतील परातीत, किल्ला. आमच्या अंगणात बहुधा अवचितगड होतो, कारण तो जवळचा. किल्ला दिवाळीच्या सहा-सात दिवस आधी करून वर मोहरी किंवा अळीव पेरले, म्हणजे सणाला डोंगर हिरवागार होतो.

दोन गोष्टी जपाव्यात. तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती सुटे दाणे एकट्याने देऊ नयेत. ते नाकात व कानात जातात. आणि लालचुटुक गुंजा व एरंडाच्या बिया कितीही सुंदर दिसल्या तरी या कामात आणू नयेत. त्या विषारी आहेत.

आता एक तिसरी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. खाडीकाठच्या एका गावातील शाळा, पहिलीचा वर्ग. आश्विनात तपासणी ठरली होती, म्हणून मी मुलांना घरून लोंब्या आणून प्रत्येकाने एक नवे बांधावे असे सांगितले. मुलांनी ते भिंतीवर ओळीने लाविले. सर्व जुड्या खाली झुकलेल्या, पिवळ्याधमक. एका मुलीची मात्र ताठ उभी, फिकी, विस्कटलेली. मला वाटले, पोरीने आळस केला. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी ती जुडी सोडली, शेजारच्या शेतातून भरल्या लोंब्या आणून व्यवस्थित बांधली आणि तिच्या नावाच्या चिठीखाली टांगली. दुसऱ्या दिवशी वर्गाची तारीफ झाली. मुलगी भिंतीपुढे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, हे आमच्या शेतातलं नाही."

मी म्हटले, "मग काय झाले? चांगले दिसते ना?"

ती काही बोलली नाही. पुढे त्या वर्षी तिने हस्तकलेचे काम माझ्यापुढे आणून ठेविले नाही. दिवाळीनंतर तिच्या वडिलांची गाठ पडली तेव्हा समजले. त्यांच्या खाचरात भात फुलोऱ्यावर असताना पावसाने झोडपले आणि दाणा भरलाच नाही. भरलेली लोंबी दाण्यांच्या भाराने वाकते; पोचट लोंबी ताठ उभी राहते. घरात आले होते तेवढेच त्या मुलीने बांधले होते. तिच्या आईने त्याच पोचट लोंब्यांचे नवे आपल्या दारालाही बांधले होते. वडील म्हणाले, "गुरुजी, कमी दिलं म्हणून नवं बांधायचं राहतं थोडंच?"

श्रोतेहो, आभाराचा याहून मोठा धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही, आणि तो मी स्वतःच्या हातांनी भिंतीवरून उतरविला होता. तेव्हापासून मी एक नियम पाळला. मुलाने केलेल्या कामाला, त्याने मागितल्यावाचून, हात लावावयाचा नाही. कागद वाकडा कापला, तर वाकडा. हत्तीला पाच पाय झाले, तर पाच. शहरातील सुशिक्षित घरांत मला याच गोष्टीचे भय अधिक वाटते. तेथे आई-वडील हौशी असतात, वेळ थोडा असतो, आणि शाळेत नेण्याचा कंदील रात्री अकरा वाजता वडीलच पूर्ण करतात. कंदील सुरेख होतो. मुलाचे त्यात काही उरत नाही. आणि जेथे आपले काही नाही, तेथे देण्यासारखेही काही नाही.

म्हणून शेवटची सूचना देण्याविषयीच आहे. मुलाने दोन नवी करावीत. एक आपल्या दाराला बांधावे. दुसरे ज्याच्यामुळे आपले घर चालते अशा कोणाला तरी त्याने स्वतः नेऊन द्यावे. भाजीवाल्या मावशी, जिना झाडणारे काका, टपाल आणणारे, दूध आणणारे, पैकी कोणाला द्यावयाचे ते मुलानेच ठरवावे. का, असे आपण विचारावे आणि त्याचे उत्तर ऐकावे. आमच्याकडेही धाटावला कारखाने आले, कित्येक खाचरांवर घरे उभी राहिली. त्यात रोजगार आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण शेत डोळ्यांआड गेले म्हणजे शेत करणारा माणूसही मनाआड होतो. ते होऊ द्यावयाचे नसेल, तर वर्षातून एकदा तरी लोंबी मुलाच्या हातात आली पाहिजे.

नातवाला उत्तर पाठवावयाचे होते. पिकाची कणसे टपालाने परदेशी पाठविण्यास निर्बंध असतात, म्हणून मी लोंबीचे चित्र काढले, नवे कसे बांधतात ते मोठ्या अक्षरांत लिहिले आणि धाडले. काही दिवसांनी दूरध्वनीवर कन्येने आपल्या घराचे दार दाखविले. मेपलची दोन वाळलेली पाने, बागेतील गवताचे तुरे आणि मक्याच्या कणसाचे साल, असे काहीतरी लोकरीच्या दोऱ्याने गुंडाळून दाराच्या मुठीला लोंबत होते. एक पान निम्मे सुटले होते.

"बाबा, पडेल हे. नीट बांधून टाकू का?" तिने विचारले.

मी म्हटले, "त्याने सांगितले तर बांध. एरवी हात लावू नकोस."